प्रथिनांचा डबा आणि बुधचे सुखात्मे

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.)

आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांत गेल्या काही वर्षांत जिम वाढल्या. त्यांच्या काउंटरवर काळे-सोनेरी मोठाले डबे आले. एक डबा दोन-तीन हजारांच्या घरात जातो. घेणारी पोरं सगळीच काही बागायतदाराची नाहीत, कारखान्यावर रोजंदारी करणारीही त्यात आहेत. "आपल्या जेवणात प्रथिनंच नाहीत" हे वाक्य त्यांना पाठ आहे. भाकरी, भात, आमटी म्हणजे नुसतं पोट भरणं, असं ते आईला ऐकवतात.

दुसऱ्या बाजूला काय झालं? शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय राज्य सरकारनं २०२३ च्या अखेरीस घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले. द्यायचंच असेल तर लोकवर्गणीतून द्या, म्हणाले. एकीकडे डब्याला तीन हजार, दुसरीकडे अंड्याला पाच-सात रुपये नाहीत. या दोन्हीच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे आणि तिच्यात आपल्या सातारा जिल्ह्याचा माणूस मधोमध उभा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी शब्दाचं बघू. प्रोटीन हा शब्द १८३८ सालचा. मुल्डर नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञानं तो छापला, सुचवला स्वीडनच्या बर्झेलियसनं. ग्रीक मुळाचा अर्थ 'पहिल्या दर्जाचं, अग्रगण्य'. आपला 'प्रथिन' शब्दसुद्धा 'प्रथम'शी नातं सांगतो. म्हणजे नावातच मोठेपणा. भात बिचारा पिष्टमय, तेल-तूप स्निग्ध, आणि हे मात्र प्रथम! नावानं अर्धी जाहिरात तिथंच झाली.

मग आला जर्मनीचा लिबिग. फार मोठा रसायनशास्त्रज्ञ, शेतीच्या खतांचं शास्त्र उभं करणाऱ्यांतला. त्याचं म्हणणं असं की, स्नायू काम करतात तेव्हा प्रथिनंच जळतात, म्हणून कष्टकऱ्याला मांस पाहिजे. त्याच्या नावानं १८६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी निघाली. दक्षिण अमेरिकेत उरुग्वेत गुरं कापून, मांस उकळून त्याचा दाट अर्क बरणीत भरून युरोपभर विकला. गंमत अशी, की त्या अर्कात खुद्द प्रथिनं नावालाच होती. चव होती, क्षार होते. तरी खप जोरात. डब्याचा धंदा काही आजचा नाही.

त्याच साली, ऑगस्टच्या शेवटी, फिक आणि विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न नावाचा डोंगर चढले. चढ जवळजवळ १,९५० मीटर. म्हणजे कळसूबाई पायथ्यापासून दोनदा चढण्यापेक्षाही जास्त. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनाचा घास घेतला नव्हता. स्टार्चच्या तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा, एवढ्यावर चढले. चढताना आणि नंतर स्वतःची लघवी बाटल्यांत जमा केली, कारण प्रथिनं शरीरात जळाली की त्यातला नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो. मोजलं तर, जळालेल्या प्रथिनांतून फार तर निम्म्या मेहनतीचा हिशेब लागत होता. बाकीची ताकद पिठातून आणि तेलातून आली. लिबिगचं म्हणणं तिथंच ढासळलं. पण लोकांच्या डोक्यातून ते आजही गेलेलं नाही. जिममध्ये जाऊन बघा.

इथं थोडं शास्त्र सांगतो, पुढं लागणार आहे. शरीराची पहिली मागणी उष्मांकांची, म्हणजे जळणाची. एक ग्रॅम पिष्टातून ४ उष्मांक मिळतात, प्रथिनातूनही ४ आणि तेला-तुपातून ९. प्रथिनाचं खरं काम जळायचं नाही. स्नायू, रक्त, पाचकरस, रोगाशी लढणारे घटक, वाढत्या मुलाचं अंग, हे सगळं बांधायचं आहे. पण जळणच कमी पडलं तर शरीर थांबून राहत नाही. ते प्रथिन फोडतं, त्यातला नायट्रोजन यकृतात युरिया करून लघवीवाटे टाकून देतं आणि उरलेलं जाळतं. चुलीला सरपण नाही म्हणून घराची चौकट फोडून घालावी, तसं. जीवनसत्त्वांचं तिसरंच. ती ना जळण, ना बांधकाम. ती लागतात अगदी चिमूटभर, पण नसली तर बाकीचं काम अडतं. जावामध्ये, तेव्हाच्या डच राज्यात, आयकमन या डॉक्टरनं १८९० च्या दशकात कोंबड्यांना सडलेला पांढरा तांदूळ खायला घातला. त्यांच्या पायांतलं बळ गेलं. कोंडा असलेला तांदूळ दिला की त्या उठून चालू लागल्या. पोट दोन्ही वेळा भरलेलंच होतं. कोंड्यातल्या त्या वस्तूला पुढं बी-१ म्हणू लागले.

आता विसाव्या शतकात या. १९३० च्या दशकात आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी मुलांतला एक आजार नोंदवला. पाय सुजलेले, कातडी सोलवटलेली, केस तांबूस, मूल चिडचिडं. धाकटं भावंड झालं की आईच्या दुधावरून उतरलेल्या मुलाला तो होई. तिथल्या गा भाषेतलं नावच तसं आहे: क्वाशिओरकोर. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला सुजवटी म्हणतात आणि दुसरा तो सुकटी, ज्यात मूल सुकून हाडांचा सापळा होतं. सुजवटी ही प्रथिनं कमी पडल्यानं होते, असं बाईंना वाटलं. १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) दोन तज्ज्ञांनी आफ्रिकाभर फिरून अहवाल दिला, की हा आजार फार पसरलाय. १९५५ मध्ये प्रथिनांसाठी खास सल्लागार गट नेमला गेला. १९६८ पर्यंत मजल अशी, की संयुक्त राष्ट्रांचा अहवालच 'येऊ घातलेलं प्रथिनांचं संकट' टाळण्यावर निघाला.

एकदा संकट ठरलं की उपाय विकणारे येतातच. माशांची पूड करून झाली. फ्रान्समध्ये एका तेल कंपनीनं पेट्रोलियमवर यीस्ट वाढवून त्यातून प्रथिन काढलं. मक्याचं जास्त लायसिनवालं वाण आलं. आपल्याकडं म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेनं शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ आणि हरभऱ्याचं पीठ मिसळून 'मल्टिपर्पज फूड' काढलं, पुढं 'बालआहार' आला. यातलं शेंगदाणा-हरभरा हे काही वाईट नव्हतं, उलट चांगलंच. पण सगळी मदार एकाच गोष्टीवर होती. जग उपाशी नाही, जगाला फक्त प्रथिनं कमी पडतात. हे श्रीमंत देशांना सोयीचं होतं, कारण त्यांच्याकडं दुधाची भुकटी उरत होती. आणि गरीब देशांच्या सरकारांनाही सोयीचं होतं. भूक म्हटलं की जमीन, मजुरी, रोजगार हमी, रेशन असे अवघड प्रश्न येतात. प्रथिन म्हटलं की एक पाकीट दिलं, काम संपलं.

इथं येतात पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म २७ जुलै १९११, गाव बुध, आपलं पुसेगावजवळचं, खटाव तालुक्यातलं. दुष्काळी पट्टा, ज्वारीचा मुलूख. फर्ग्युसनमधून १९३२ ला पदवीधर, मग लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट. ज्यांची नावं आज संख्याशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असतात, त्या लोकांच्या हाताखाली शिकले. परत येऊन दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत. पीक कापणीचे प्रयोग करून उत्पादनाचा अंदाज कसा काढायचा, त्याची पद्धत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा. आज पीकविम्यावरून आपण ज्या पीक कापणी प्रयोगांवर भांडतो, ते या परंपरेतले. १९५१ मध्ये एफएओत रोमला गेले आणि १९७० पर्यंत तिथं संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९७१ मध्ये पद्मभूषण. खटाव तालुक्यात किती पोरांना हे नाव माहीत आहे, विचारून बघा.

रोममधलं त्यांचं पहिलं मोठं भांडण आकड्याचं. एफएओचे पहिले प्रमुख बॉइड ऑर म्हणून गेले होते, की निदान दोन तृतीयांश मानवजात भुकेली आहे. भाषणाला बरं वाक्य. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये हिशेब मांडला, की पोटाला कमी मिळतं असे लोक शेकडा दहा ते पंधरा आणि आहार सदोष असलेले धरले तर साधारण निम्म्यापर्यंत. आकडा लहान झाला, पण त्याला पाया आला. दरवर्षी संयुक्त राष्ट्रं भुकेल्यांचा जो आकडा जाहीर करतात, त्याची पद्धत याच कामातून वाढलेली आहे.

नंतर त्यांनी हीच नजर प्रथिनांकडं वळवली. भारतातल्या आहार पाहण्यांचे आकडे घेतले आणि साधा प्रश्न विचारला: ज्यांना उष्मांक पुरेसे मिळतात, त्यांच्यात प्रथिनं कमी पडणारे किती? उत्तर आलं, फारच थोडे. प्रथिनं कमी पडणारी माणसं बहुतेक तीच होती, ज्यांना मुळात अन्नच कमी पडत होतं. १९७० मध्ये त्यांनी हे छापलं.

हे आपल्या ताटात बघू. शेतात राबणारा गडी दिवसाला ४०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खातो असं धरा. त्यातून साधारण १,३५० उष्मांक आणि ४० ग्रॅम प्रथिनं मिळतात. तूरडाळ ५० ग्रॅम धरली तर आणखी ११ ग्रॅम. झाले ५१. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम सांगितलेत, ५५ किलोच्या बाईला ४६ च्या आसपास. वरून शेंगदाण्याची चटणी, थोडं ताक घेतलं की गाडी पोचली. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. आपल्या आज्यांनी भाकरीला आमटी जोडली ती काही लायसिन मोजून नाही, पण जोडी बरोबर बसली. आता तोच गडी निम्म्या भाकरीवर आला असं समजा. प्रथिनं निम्मी झालीच, वर जी आली तीही जळणात चालली. त्याच्या हातात प्रथिनाची पुडी ठेवली तर तीही जळणातच जाणार. सगळ्यात महागडं सरपण!

सुखात्मे हे कागदावर सांगत होते, तेव्हा हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी मुलांमध्ये तेच बघत होते. सुजवटीची आणि सुकटीची मुलं, दोघांच्या घरच्या जेवणात त्यांना फरक सापडला नाही. मग त्यांनी खेड्यातल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांना चौदा महिने रोज एक खाऊ दिला. कणीक, साखर आणि तेल. आपली शंकरपाळी म्हणा ना! त्यात सुमारे ३१० उष्मांक आणि प्रथिनं अवघी ३ ग्रॅम. मुलांची उंची आणि वजन, दोन्ही ज्यांना खाऊ मिळाला नाही त्यांच्यापेक्षा जास्त वाढलं. घरच्या जेवणातली प्रथिनं जळणातून सुटली आणि बांधकामाला लागली. हा अहवाल १९७३ चा. त्याच वर्षी जागतिक तज्ज्ञ समितीनं प्रथिनांची गरज खाली आणून छापली आणि कागदावरचं 'संकट' बरंचसं विरघळलं. १९७४ मध्ये मॅक्लॅरन नावाच्या डॉक्टरनं लॅन्सेटमध्ये या सगळ्या प्रकरणाला सरळ 'महाफजिती' म्हटलं. वीस वर्षं आणि बक्कळ पैसा पाकिटांच्या मागं गेला होता.

इथं थांबलो असतो तर सुखात्म्यांचा पोवाडा झाला असता. पण पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो मला तितका पटत नाही.

पुण्याला परतल्यावर त्यांनी आणखी एक सिद्धांत मांडला. एकाच निरोगी माणसाची गरज रोज सारखी नसते, ती वरखाली होते आणि शरीर स्वतःला एका मर्यादेत सांभाळून घेतं. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरू नका, रेघ बरीच खाली ओढा. रेघ सरासरीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास येते. आता दारिद्र्यरेषा तर उष्मांकांवरच उभी होती. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतून 'भारतातील दारिद्र्य' लिहिलं, त्यात २,२५० उष्मांकांचं माप होतं. रेघ खाली आली की न खाता न पिता गरिबांची संख्या कमी होते! वि. म. दांडेकरांनी याला कडाडून विरोध केला. दोन्ही बाजूंना मराठी माणसं, एकच शहर, दोघेही पक्के संख्याशास्त्रज्ञ, आणि भांडण इंग्रजी नियतकालिकातून. त्यातून पुढं सेक्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं 'लहान पण निरोगी' अशी कल्पना आणली, की खुजं राहिलेलं मूल म्हणजे आजारी नव्हे, परिस्थितीशी जुळवून घेतलेलं आहे. यावर डॉ. गोपालन भडकले. प्रथिनांच्या प्रश्नात एका बाजूला असलेली माणसं इथं समोरासमोर आली. गोपालन यांचा मुद्दा मला बरोबर वाटतो. गरिबाचं मूल उपासमारीशी जुळवून घेतं ते उंची, ताकद आणि खेळणं गमावून. त्याला निरोगी म्हणणं म्हणजे दुष्काळात जनावर जगलं म्हणून चारा छावणी नको म्हणण्यासारखं आहे. आपल्या माण-खटावच्या लोकांना हे जास्त समजावायला नको.

सुखात्म्यांचा हेतू सरकारला सवलत द्यायचा होता असं कुणी म्हणू नये. स्वच्छ पाणी, जंत, जुलाब यांच्याकडं लक्ष द्या, खाल्लेलं अंगी लागत नाही हाही प्रश्न आहे, असंही ते सांगत होते आणि तेव्हा ते फार कमी लोक सांगत होते. पण आकडा एकदा छापला की तो कोण कशासाठी वापरेल, हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आता अंड्याकडं. "प्रथिनांची टंचाई ही फजिती होती, मग अंडं कशाला?" असं कुणी म्हणेल. तसं नाही. एका अंड्यात प्रथिन ६ ग्रॅमच आहे, पण ५ ग्रॅम स्निग्धांश आहे, अ जीवनसत्त्व आहे, आणि बी-१२ आहे, जे भाकरी, डाळ, भाजीत मिळत नाही. ज्या घरात दूध डेअरीला जातं आणि मटण जत्रेलाच शिजतं, तिथं हे मोलाचं आहे. लहान मुलाचं पोटही लहान. पातळ भातानं ते भरतं, पण उष्मांक पोचत नाहीत, म्हणून तेला-तुपाचा चमचा लागतो. शिवाय अ जीवनसत्त्व अंगात शिरायला स्निग्धांश लागतोच. गाजर कितीही द्या, ताट कोरडं असेल तर निम्मं वाया. अंड्यात हे सगळं एका कवचात येतं, भेसळ होत नाही आणि ठेकेदाराला त्यात पाणी घालता येत नाही. खात नाहीत त्यांना केळं, दूध, शेंगदाण्याचा लाडू द्यावा. त्यासाठी खाणाऱ्यांचं बंद करायची गरज नव्हती.

आणि डबा? राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असं स्पष्ट सांगितलंय. वयस्कर, आजारी, डॉक्टरांनी लिहून दिलेले, त्यांची गोष्ट वेगळी. पण रोजंदारीवरच्या पोरानं तीन हजारांचा डबा आणून घरातलं तेल आणि डाळ कमी करायची, हा लिबिगच्या बरणीचाच नवा अवतार आहे. त्या तीन हजारांत शेंगदाणे, अंडी, हरभरे किती येतात, हा हिशेब बाजारच्या दिवशी कुणालाही करता येईल.

पोषण आहाराचा सरकारी नियम पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा आहे. तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. बेरीज करून बघा, तांदळातून ७ आणि डाळीतून साडेचारच्या आसपास, जेमतेम १२ ला टेकतं. यात डाळ पातळ झाली की प्रथिन गेलं आणि तेल वाचवलं की उष्मांक गेले. साठ मुलांच्या शाळेत रोज सहा किलो तांदूळ, एक किलो दोनशे ग्रॅम डाळ आणि तीनशे ग्रॅम तेल शिजायला पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात. पुढच्या बैठकीला वजनकाटा घेऊन जा, आणि त्या दिवशी पातेल्यात किती पडलं ते मला कळवा. शाळेचं नाव नाही कळवलं तरी चालेल.